आधी कोरडा आवाज ऐका

इको बंद करा म्हटलं की गाणारी माणसं दुखावतात. ट्रॅक काढून नुसता आवाज ऐकवतो म्हटलं की खुर्चीवरून उठतात. “नको, नको, ते राहू द्या सर. ट्रॅकबरोबरच ऐकवा, आणि जरा इको टाका.” डोंबिवलीत माझ्या राहत्या घरातल्या एका खोलीत मी लोकांची गाणी रेकॉर्ड करून देतो. मूळचा मी हार्मोनियमची साथ करणारा; ती अजूनही करतो. या खोलीत बँकेतून निवृत्त झालेले येतात, शाळेतल्या बाई येतात, डॉक्टर येतात, आयटीतली पोरं येतात, आणि मुलांचा हात धरून आईबाप येतात. या सगळ्यांचं गाण्यावर प्रेम आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण यातल्या बहुतेकांनी स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नाही आणि त्यांना तो ऐकायचाही नाही. कॉम्प्युटरवर ट्रॅक लावून गाणी रेकॉर्ड करायचा जो सपाटा घरोघरी चालला आहे, त्यातलं सगळं वाईट या एका गोष्टीतून निघालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःचं गाणं जसंच्या तसं ऐकता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, याची आपल्याला जाणीवच उरलेली नाही. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, कानाच्या बाहेरून. दुसरा कवटीच्या हाडांतून, आतून. हाडांतून येणारा आवाज खर्जाकडे झुकलेला, भरदार असतो. समोरच्याच्या कानावर पडतो तो फक्त हवेतला. म्हणून पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकणारा जो तो म्हणतो, “हा माझा आवाज नाही.” तोच तुमचा आवाज आहे. जगाला तुम्ही तसेच ऐकू येता. पिढ्यानपिढ्या गाणाऱ्याला हे सांगायला फक्त गुरूचा कान होता. ज्याला गुरू मिळाला नाही तो जन्मभर न्हाणीघरात गायला आणि आपण छान गातो या समजुतीत गेला.

रेकॉर्डिंग होतं, पण ते कुणासाठी होतं? ताडदेवच्या फेमस नाहीतर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भलामोठा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी उभे राहायचे, आणि एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला तरी सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्यामागून आठवडा उभी राहिली. त्या माइकसमोर जायला अंगात सुधीर फडके असावे लागत, नाहीतर त्यांच्या मागे बसून वाजवण्याची लायकी तरी असावी लागे. सामान्य गाणाऱ्याला त्या दारातून आत डोकावायचीही सोय नव्हती. पुढे घरात टेपरेकॉर्डर आला, पण त्याच्या अंगच्या माइकमध्ये गाण्यापेक्षा मोटरची घरघर जास्त यायची.

मग अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी १९९९ मध्ये ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि २००० मध्ये तो लोकांना खुला केला. फुकट. आजही तो फुकट आहे. वरच्या ओळीत ट्रॅक, खालच्या ओळीत तुमचा आवाज. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून घेतलेला, सीडीच्या दर्जाचा. खालच्या ओळीवरचं ‘सोलो’ बटण दाबलं की वाद्यं गप्प होतात आणि उरता फक्त तुम्ही. कुठे चढलात, कुठे उतरलात, कुठे श्वास तुटला, कुठे शब्द खाल्ला, सगळं लख्ख. जे ऐकायला मोठमोठ्या गायकांना तिष्ठत बसावं लागलं, ते आज कल्याण-डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात, जुन्या लॅपटॉपवर, रात्री अकरा वाजता मिळतं.

आणि आपण या देणगीचं काय केलं? ती स्वतःपासून लपायला वापरली. ‘सोलो’ बटणाला कुणी हात लावत नाही. सगळ्यांचा हात आधी जातो तो इफेक्ट्सच्या यादीकडे.

एक गृहस्थ माझ्याकडे नेहमी येतात. गळा चांगला, भावगीतांचा अभ्यास दांडगा, शब्द पाठ. एकदा त्यांचं ध्रुवपद झाल्यावर त्यांना न विचारताच मी ट्रॅक म्यूट केला आणि त्यांचा आवाज कोरडा वाजवला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते ज्या पंचमावर थांबतात, तो पंचम लागताना बरोबर होता. पण श्वास संपत आला तसा खाली सरकत गेला. ट्रॅकमध्ये नेमक्या त्या जागी व्हायोलिनचा ताफा वर चढतो, त्यामुळे हा उतरलेला पंचम आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्यांच्याही नाही. त्यांनी तो ऐकला, चेहरा कसनुसा झाला, आणि म्हणाले, “म्हणूनच तर म्हणतो, थोडा इको टाका.” मी म्हणालो, “काका, इको टाकून पंचम वर येणार नाही. तुम्ही श्वास अर्धी ओळ आधी घ्या.” त्यांनी घेतला. पुढच्या टेकला पंचम शेवटपर्यंत टिकला. एवढंच काम होतं. इतक्या वर्षांच्या हौसेत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या आजूबाजूच्या प्रत्येकाने त्यांना फक्त इकोत बुडवून ऐकलं होतं.

इकोशी माझं वैर नाही. इको आणि रिव्हर्ब म्हणजे शेवटी खोली. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यातून तो कुठल्या जागेत गायला गेला हे कानाला कळतं. ‘मुघल-ए-आझम’च्या (१९६०) शीशमहालातल्या गाण्यासाठी नौशादनी लताबाईंना स्टुडिओच्या न्हाणीघरात उभं करून गायला लावलं, असं सांगतात. शीशमहालाला शीशमहालाचा घुमारा हवा, म्हणून ती धडपड. मुळात सुरात असलेल्या आवाजाला राहायला जागा देण्यासाठी ती होती, बेसूर झाकायला नव्हती. आज मात्र इको म्हणजे पांघरूण झालं आहे, आणि त्याखाली पहिला जीव जातो शब्दाचा. ‘ळ’ आणि ‘ण’ विरघळतात, ‘च’ चा घाव बोथट होतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ज्या भाषेत यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचं पुस्तक लिहिलं, त्या भाषेतली भावगीतं आपण आज अशी गातो की ऐकणाऱ्याला चाल कळते, कविता कळत नाही. शब्द कळत नसेल तर ते भावगीत नव्हे. मग ती कुठल्याही वाद्यावर वाजवता येईल अशी नुसती चाल राहते.

ऑटोट्यूनबद्दल तर मला बोलायलाच हवं, कारण त्याबद्दल अज्ञान पसरवून पैसे करणारे माझ्याच धंद्यात आहेत. अँडी हिल्डेब्रँड हा माणूस तेलाचे साठे शोधायच्या उद्योगात होता. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत आलेल्या लहरींवरून खाली काय दडलं आहे ते गणिताने ओळखायचं, हे त्याचं काम. त्याच पठडीतलं गणित त्याने गळ्यावर चालवलं आणि १९९७ मध्ये ऑटोट्यून बाजारात आलं. दुसऱ्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात ते मुद्दाम, उघडउघड, कानाला जाणवेल असं वापरलं गेलं. तिथे कुणाची फसवणूक नव्हती. आपल्याकडे ते गुपचूप वापरतात. ‘थोडं ट्यूनिंग करून देतो’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

हे यंत्र नेमकं काय करतं, ते तरी समजून घ्या. तुमचा सूर जिथे लागला तिथून जो जवळचा सूर असेल त्यावर ते तुम्हाला नेऊन ठेवतं. जवळचा सूर म्हणजे बरोबरचा सूर नव्हे. शुद्ध गंधार लावायला गेलात आणि इतके उतरलात की कोमल गंधार जवळ पडला, तर बाराही सूर मोकळे ठेवलेलं यंत्र तुम्हाला कोमल गंधारावर पक्कं बसवतं. आधी तुम्ही नुसते कणसूर होता, आता ठामपणे चुकीचे झालात. शिवाय त्याचे बारा सूर हे पियानोचे समान वाटून घेतलेले बारा सूर. आपल्या गाण्यातला एका स्वराला दुसऱ्याचा लागलेला कण, आंदोलित धैवत, षड्जावरून मध्यमापर्यंत घसरत जाणारी मींड, यांना त्यात घरच नाही. दुरुस्तीचा वेग वाढवला की मींडेच्या पायऱ्या होतात. मुरकी असेल तर तिचे दाणे सारख्या मापाचे, निर्जीव होतात. ज्या जागेसाठी ते गाणं गावंसं वाटलं, नेमकी तीच जागा यंत्र सपाट करून टाकतं. आणि गाणारा खूश असतो, कारण त्याला सांगितलेलं असतं की आता तू सुरात आहेस.

काही म्हणतील, मोठे गायकही आता असंच करतात, मग आम्हालाच का बोल? मोठे काय करतात ते मला ठाऊक आहे. ते करतात म्हणून ते चांगलं ठरत नाही. आणि त्यांच्यात आणि तुमच्यात एक फरक आहे: त्यांचा धंदा आहे, तुमची हौस आहे. त्यांना ठरलेल्या तारखेला गाणं द्यायचं असतं. तुमच्यामागे कोण लागलं आहे? तुम्ही महिनाभर एकच अंतरा घासू शकता. हौशी माणसाचं खरं धन म्हणजे वेळ. तेच वाचवायला तो यंत्र विकत घेतो, याचा मला संताप येतो.

आता जे यंत्राचं पाप आहे ते यंत्राच्या पदरात घालतो, कारण तिथेही बळी गाणाऱ्याचाच जातो. एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे आली, अगदी खचलेली. दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी तिला सांगितलं होतं, “तू तालाला कच्ची आहेस, तुझ्याच्याने ट्रॅकवर गाणं व्हायचं नाही.” तिने घरून आणलेलं रेकॉर्डिंग मी लावलं. खरंच, प्रत्येक ओळ समेच्या मागून पडत होती. पण प्रत्येक ओळ सारख्याच अंतराने मागे होती. तालाला कच्चा माणूस असा चुकत नाही. तो कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. मी विचारलं, हेडफोन कुठला? तिने ब्लूटूथचे इअरफोन दाखवले.

हेडफोनमध्ये ट्रॅक किती उशिरा पोचतो, हे प्रत्येक घरात तपासता येतं. ट्रॅक चालू करा, ज्यात तो ऐकता तो हेडफोन माइकच्या तोंडाला लावा आणि तबल्याचा एक ठेका रेकॉर्ड होऊ द्या. मग स्क्रीनवर मोठं करून बघा, मूळ ट्रॅकमधली थाप आणि रेकॉर्ड झालेली थाप यांत किती फट आहे. कॉम्प्युटर आवाज गठ्ठ्या-गठ्ठ्याने घेतो. ५१२ नमुन्यांचा गठ्ठा असेल तर जाताना सुमारे १२ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच. हे गळ्याला सांभाळून घेता येतं. ब्लूटूथ मात्र त्यात सहज शंभर-दीडशे मिलिसेकंदांची भर घालतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. दीडशे मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ती मुलगी तिच्या कानात पडणाऱ्या समेवर अचूक गात होती. त्या पोरीची ओळ मी तेवढी पुढे सरकवली आणि ती समेवर येऊन पडली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग तिला वायरचा साधा हेडफोन दिला आणि एक कान उघडा ठेवून गायला लावलं. तालाचा प्रश्न तिथेच संपला. तिला कच्ची ठरवणाऱ्याने तिचा आवाज एकदा वेगळा काढून ऐकला असता तर हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. ऐकण्याचे पैसे घेऊन न ऐकणारी अशी माणसं या क्षेत्रात उजळ माथ्याने वावरतात. एखाद्या मुलीचं गाणं कायमचं बंद पाडायला त्यांचं एक वाक्य पुरतं.

माइकच्या खरेदीतही तेच. गाणं सुरू करायच्या आधी लोक हजारो रुपये कंडेन्सर माइकवर घालतात, कारण व्हिडिओत मोठ्या गायकापुढे तसला माइक दिसतो. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो देणारा इंटरफेस लागतो, आणि तो इतका नाजूक कानाचा असतो की शेजारच्या कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरची पाट्याची घरघर, रिक्षा, कावळे, सगळं इमानदारीत टिपतो. फरशी, काच आणि गुळगुळीत भिंती असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो भिंतींचाच आवाज जास्त घेतो. अशा खोलीला साधा डायनॅमिक माइक बरा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून मिळतो आहे, आणि त्याला किंवा त्याच्या जातीच्या कुठल्याही चांगल्या माइकला जवळून गायलं की खोली मागे पडते. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाका, पंखा बंद करा, माइक वीतभर अंतरावर आणि तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला ठेवा म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ ची फुंकर त्यावर आदळणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गुणगुण थांबते का. बास. उरलेले पैसे एखाद्या चांगल्या बाईंकडे महिन्याच्या शिकवणीला द्या.

आता ट्रॅकबद्दल. ट्रॅकवर गाणं म्हणजे गाणंच नव्हे, असं म्हणणारे बुवा-उस्ताद मला मान्य नाहीत. कोब्यातल्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कराओकेचं यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. ज्याच्याकडे वादक आणायला पैसे नाहीत त्यालाही वाद्यवृंदाबरोबर गाता यावं, यात वाईट काय आहे? आणि नाक मुरडणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करतात, यंत्रावर ठेका लावून शिष्यांना बंदिश शिकवतात! घरातल्या रेकॉर्डिंगलाही हलकं म्हणायचं कारण नाही. चेन्नईत कोडंबक्कमला रहमानने १९८९ मध्ये घराच्या आवारातच स्टुडिओ बांधला, आणि १९९२ च्या ‘रोजा’ने देशाचा कान बदलला. घर, ट्रॅक, कॉम्प्युटर यातलं काहीही गाण्याच्या आड येत नाही. आड येतं ते या बुवा-उस्तादांनी पाठ फिरवणं. हजारो माणसं कराओकेवर गायला लागली तेव्हा सुराची जाण असलेल्यांनी त्यांच्यात जाऊन बसायला हवं होतं. ते गेले नाहीत. ती जागा इको आणि ट्यूनिंग विकणाऱ्यांनी घेतली.

पण ट्रॅकवर गाणाऱ्याने ट्रॅक तरी ऐकावा! म्युझिक पीस सुरू झाला की माणसं फोन बघतात, घोटभर पाणी पितात, खाकरतात. आणि अंतऱ्यावर येताना चुकतात. त्या पीसमध्येच तर अंतऱ्याचा पहिला सूर हातात ठेवलेला असतो. कुणी ठेवलेला? गोव्याहून मुंबईत आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे लोक एकेका वाद्याचं नोटेशन लिहून काढायचे. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी किती गाण्यांचं संयोजन केलं. ‘अष्टविनायक’चं (१९७९) संगीत तर अनिल-अरुण या नावाने त्यांचंच. गायकाला श्वास घ्यायला कुठे जागा लागेल, कुठल्या सुरावर त्याला उचलून द्यायचं, हे जाणून ही माणसं दोन ओळींमधली जागा भरत होती. आणि आज गाणं ग्रुपवर टाकताना खाली काय लिहिलेलं असतं? मूळ गायिकेचं नाव आणि स्वतःचं नाव. कवीचं नाही, संगीतकाराचं नाही, संयोजकाचं तर नाहीच. एनॉक डॅनिएल्सच्या अकॉर्डियनची नक्कल करणारा कीबोर्डवाला तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. ज्याला मागे कोण वाजवतं आहे हे माहीत करून घ्यायचं नाही, त्याला साथीत गाता येत नाही. मग साथ जिवंत असो वा ट्रॅकमधली.

जुन्या भावगीतांच्या ट्रॅकमध्ये आणखी एक भानगड आहे. स्टिरिओ गाण्यात आवाज मधोमध असतो, त्यामुळे एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की मधलं सगळं कटतं. आवाज जातो, आणि त्याबरोबर मधोमध ठेवलेली इतर वाद्यंही जातात. पण तबकड्यांच्या काळातली गाणी मोनो. तिथे सगळंच मधोमध. म्हणून ती गाणी कुणीतरी कीबोर्डवर नव्याने वाजवायची आणि ऐकून वाजवताना जागा चुकवायची. आता माणसाचा आवाज वेगळा काढणारी साधनं आली आहेत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे तसलं साधन सर्वांना खुलं केलं आणि तेव्हापासून मोनोतूनही गळा सोडवता येतो. सोडवताना सारंगीचा, बासरीचा थोडा भाग गळ्याबरोबर जातो, आणि ट्रॅकमध्ये मूळ गायकाची सावली उरते. हे ज्याला ऐकू येतं तो ट्रॅक पारखून घेतो. इतर जण ‘एचडी क्वालिटी’ लिहिलेलं बघून घेतात.

आणि ‘ओरिजिनल स्केल’! या दोन शब्दांनी जितके गळे बसवले तितके सर्दीनेही बसवले नसतील. मूळ गाणं काळी चारमध्ये आहे, बाईंचा गळा पांढरी दोनचा आहे, वय साठ. तरी हट्ट काळी चारचाच, कारण कार्यक्रमात निवेदक सांगणार, “मूळ पट्टीत सादर करत आहेत.” मानेच्या शिरा ताठ होतात, तार षड्जावर आवाज चिरतो, आणि समोर टाळ्या पडतात. कुणाच्या तरी गळ्याच्या मापाने शिवलेली पट्टी आपल्या गळ्यात चढवण्यात कसला पराक्रम आहे? लताबाईंची पट्टी ही लताबाईंच्या गळ्याची सोय होती. तुम्ही तुमची सोय बघा. आधी हार्मोनियमवर मुखडा आणि अंतऱ्याचा सगळ्यात वरचा सूर गाऊन बघा, मग ट्रॅकला हात लावा. ट्रॅक एक-दोन पट्ट्या खाली आणला तर चालून जातं. चार-पाच खाली आणला की तबल्याच्या शाईची आस जाते, डग्ग्याची घुमक फुगून फटफटते, सनईचा गळा बसतो. तेव्हा तानपुरा आणि तबल्यावर गा. तुमचा आवाज सुरात असेल तर त्याला व्हायोलिनचा ताफा लागत नाही.

हे सगळं मोठ्यांचं झालं. त्यांनी स्वतःची समजूत कशी घालावी हा त्यांचा प्रश्न आहे, असं म्हणून एक वेळ सोडून देईन. मुलांच्या बाबतीत सोडणार नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन आईबाप येतात. स्पर्धेला व्हिडिओ पाठवायचा असतो. पहिलीच अट, “सर, जरा ट्यून करून द्या, सगळेच करतात.” तो ट्यून केलेला व्हिडिओ घरातल्या ग्रुपवर जातो. तीन मिनिटांच्या गाण्याला अर्ध्या मिनिटात ‘अप्रतिम’ येतं, म्हणजे गाणं कुणी ऐकलेलंही नसतं. मुलगी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते. तिच्या कानाला आता तोच आपला आवाज वाटतो. हाडांतून ऐकू येणाऱ्या आवाजाने जी फसवणूक निसर्ग करतो, तिच्यावर आईबापांनी पैसे भरून दुसरी रचली. मग ती मुलगी शाळेच्या गॅदरिंगला उभी राहते. तिथे एक माइक असतो आणि एक पेटी. ट्यूनिंग नसतं. तिचा निषाद उतरतो, समोरची मुलं हसतात, आणि तिला कळत नाही की घरी येतं ते इथे का येत नाही. त्या वयात कान घडतो. सूर चुकला हे ओळखून तो स्वतःच उचलून घ्यायची सवय त्या वयात लागते आणि नंतर फार कष्टाने लागते. ती सवय यंत्राने काढून घ्यायची आणि वर त्याला ‘प्रोत्साहन’ म्हणायचं, हा मुलांवरचा अन्याय आहे. असल्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी कोरड्या आवाजाची फाइल वेगळी मागवली तर महिन्याभरात हे थांबेल. ते मागवत नाहीत. प्रवेश शुल्क भरणारे कमी होतील, ही भीती.

म्हणून माझ्या खोलीत आता नियम आहे. मुलांचं गाणं ट्यून केलं जाणार नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. मोठ्यांच्या गाण्याला इको मिळेल, पण पूर्ण गाणं एकदा ट्रॅक बंद करून, कोरडं, माझ्यासमोर बसून ऐकल्यानंतर. कुठला सूर खटकला ते मी आधी सांगणार नाही, त्यांनी सांगायचं. बहुतेकांना ते बरोबर सांगता येतं, याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो, कारण कान शाबूत आहेत, फक्त त्यांना काम दिलेलं नाही. काही जण हा नियम ऐकून गेले आणि परत आले नाहीत. इको ओतून देणारी, ट्यूनिंग करून देणारी दुकानं स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत पुष्कळ आहेत. त्यांनी तिथे जावं.